दवंडी कशाची पिटावी?

भाताची झोडणी आटोपली, कणग्या भरल्या, पेंढा रचून झाला आणि खाचरातल्या ओलीवर टाकलेला वाल फुलावर आला, म्हणजे भिवंडी तालुक्यातील खेड्यांत चार कर्ती माणसे ओटीवर बसून यंदा गावात काय करावे ह्याचा खल करू लागतात. कोणी भजनाचा सप्ताह सुचवितो, कोणी क्रिकेटचे सामने सुचवितो. मधूनच एखादा जाणता गृहस्थ म्हणतो की, ज्याने आपला जन्म दुसऱ्याच्या दुःखापायी वेचला असा एखादा थोर माणूस आपल्या गावी आणावा, त्याचे चार शब्द पोरांच्या कानांवर पडू द्यावे. सूचना सर्वांस पटते. वर्गणी निघते, पाहुण्यास पत्र जाते. पुढे 'लोकांस कळवावयाचे कसे' हा प्रश्न आला की, तो मात्र फलक रंगविणाऱ्याच्या स्वाधीन केला जातो. आमच्या मते कार्य बिघडते ते येथेच. टेमघर व आसपासच्या गावांतील खातेदार बंधूंपुढे ह्या एका विषयासंबंधी आमचा अनुभव व विचार मांडावा, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहो.

प्रथम आमचीच चूक सांगतो, म्हणजे उपदेशाचा अधिकार आम्ही कोठून आणला हे वाचकांस कळेल. काही वर्षांपूर्वी कुष्ठरोग्यांच्या सेवेत हयात घालविलेल्या एका थोर गृहस्थांस आम्ही व्याख्यानास बोलाविले. तारीख त्यांच्या सोयीची म्हणून ऑक्टोबर अखेरची घेतली. हळवे भात कापून खाचरात पसरलेले, आभाळ भरून आलेले. अशा दिवशी शेतकरी भारे उचलील की सभेस येईल? तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या, माणसे चाळीस जमली. चौकातल्या फलकावर आम्हां चालकांची अकरा छायाचित्रे होती आणि पाहुण्यांचे त्यांत सर्वांत लहान होते. हारतुऱ्यांत तास गेला. पाहुणे वीस मिनिटे बोलले व शेवटी त्यांनी एकच प्रश्न केला : "आपल्या गावात हा रोग झालेला कोणी आहे काय?" कोणी बोलले नाही. आम्हीच पुढे होऊन, "आमच्याकडे तसे कोणी नाही," असे मोठ्या दिमाखाने सांगितले.

तसा एक जण होता. सभेच्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर राहणारा, आमच्यातलाच एक शेतकरी. पाठीवर व कोपराजवळ बधिर चट्टे उमटलेले तो कोणास दाखवीत नव्हता. सभा आपल्यासाठी आहे हे त्यास कोणी कळविलेच नव्हते. फलकावर 'जाहीर व्याख्यान' एवढेच लिहिले होते. पुढे दीड वर्षाने सरकारी आरोग्यसेविकेच्या नजरेस ते चट्टे पडले. औषध घेऊन तो बरा झाला. पण तोवर हाताची दोन बोटे वाकली होती, ती आता सरळ होत नाहीत. विळा धरताना त्याचा हात आम्ही पाहतो तेव्हा त्या फलकाची आठवण होते. आमची दवंडी नीट असती, तर ती दोन बोटे वाचली असती.

ह्यावरून आम्ही जो धडा घेतला तो एका वाक्यात सांगता येईल. सभेची दवंडी ही सभेच्या कामाची पहिली पायरी होय. म्हणून ती पाहुण्याच्या मोठेपणाची न पिटता, ऐकणाऱ्याच्या कामाची पिटली पाहिजे.

गाडगेबाबांची रीत

हे तत्त्व आम्ही नवे शोधून काढलेले नाही. महाराष्ट्रात ते एका पुरुषाने जन्मभर आचरून दाखविले. श्री गाडगेबाबा ह्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. बालपण दापुऱ्यास आजोळी गेले. तेथे त्यांनी गुरे राखली, नांगर धरला, मामाच्या शेतात राबले. आणि ती शेती सावकाराच्या कागदांत अडकून हातची जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९०५ साली त्यांनी घर सोडले. पुढे पन्नास वर्षे अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका हातात मडक्याचे खापर व दुसऱ्या हातात खराटा घेऊन हा शेतकरी गावोगाव फिरला.

बाबा गावात आले म्हणजे प्रथम खराटा चालू होई. रस्ते, गटारे, देवळाभोवतालची घाण ते स्वतः काढू लागत. पाहणारे आधी हसत, मग थबकत, मग त्यांतले काही जण झाडू घेऊन मागे लागत. दिवस मावळला की त्याच झाडलेल्या जागी कीर्तन उभे राही. आमच्या वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सकाळचा तो खराटा हीच रात्रीच्या कीर्तनाची दवंडी होती आणि तोच कीर्तनाचा पूर्वरंगही होता. रात्री येणारा श्रोता दिवसा कामास लागलेला असे. त्यामुळे कीर्तनात जे सांगितले जाई ते त्याला ऐकीव वाटत नसे.

कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांस प्रश्न विचारीत व उत्तर वदवून घेत. सांगणे थोडकेच असे : कर्ज काढून लग्ने करू नका, सण साजरे करू नका, दारूस शिवू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, शिवाशीव पाळू नका, पोरांस शाळेत घाला, त्यासाठी जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मोडा. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली ज्याने पाहिली, त्याच्या तोंडी कर्जाची गोष्ट किती खरी वाटत असेल, हे सांगणे नको. पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्यास ते जवळ येऊ देत नसत. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. त्याच वर्षी २० डिसेंबर रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांचे देहावसान झाले.

आता गाडगेबाबा नाहीत. पण ज्यांनी आपले जीवन सेवेस वाहिले अशी माणसे आजही आहेत व ती बोलाविल्यास खेड्यांत येतात. त्यांस बोलाविताना बाबांची रीत आपणांस कशी लावता येईल, हे आता क्रमाने पाहू.

वेळ

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली सुरू केली व ती नावाप्रमाणे वसंतात भरते. शहरास तो काळ सोयीचा आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यात मात्र त्या दिवसांत राब भाजणे, बांधबंदिस्ती व लग्नसराई ह्यांची एकच घाई असते. जुलैत आवणी चालू असता चिखलातून पाय काढून कोणी येणार नाही, आणि दसऱ्यापासून कापणी-झोडणी होईपर्यंत तर सभेचे नावच काढू नये. आमच्या मते पौष-माघ हे दोन महिने आपले. दिवस अमावस्या-पौर्णिमा पाहून नव्हे, तर आठवड्याचा बाजार व जवळपासच्या जत्रा पाहून ठरवावा. वेळ संध्याकाळी सहाची ठेवावी. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात लावण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, हे विसरू नये. पाहुण्याची तारीख आपल्या पिकाशी जुळत नसेल तर नम्रपणे तसे लिहावे. जो खरोखर लोकांत काम करतो त्यास ही अडचण सांगावी लागत नाही. तो ती आधीच जाणतो.

ठिकाण

टेमघर असे एवढेच लिहून भागत नाही. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात ह्याच नावाचे गाव आहे व मुठा नदीवरील तेथल्या धरणामुळे ते नाव वर्तमानपत्रांत वारंवार येते. परगावचा पाहुणा वा श्रोता तिकडे जाऊन बसल्यास दोष त्याचा नव्हे. म्हणून पत्रात व पत्रकात 'टेमघर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे' असे स्पष्ट लिहावे. कल्याणकडून यावयाचे की ठाण्याकडून, कोणत्या नाक्यावर उतरावयाचे, तेथे कोण उभा राहील, हेही लिहावे.

शब्द

पत्रकात पाहुण्याच्या पदव्यांची माळ छापण्याची आपल्याकडे फार हौस आहे. समजा, बाबा आमटे हयात असते व ते आपल्याकडे येणार असते. '१९८५ च्या मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी' असे छापले असते, तर ते खोटे झाले नसते. पण त्याने शेतकऱ्याच्या मनात काय हालले असते? त्याऐवजी असे लिहिले असते तर : '१९५१ साली वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर ज्यांनी मूठभर कुष्ठरोगी व एक लंगडी गाय बरोबर घेऊन संसार मांडला, झडलेल्या बोटांच्या माणसांकडून विहीर खणवून घेऊन पीक काढले, ज्यांचा भाजीपाला घेण्यास आरंभी लोक कचरत होते, ते आनंदवनाचे बाबा आमटे येत आहेत.' हे वाचून माळरान फोडणे म्हणजे काय हे ज्यास ठाऊक आहे तो मनुष्य घरी बसला नसता. पाहुण्याचे काम त्याच्या पुरस्काराहून मोठे असते, आणि ते आपल्या धंद्याच्या भाषेत सांगता येते.

त्याखाली दुसरे वाक्य श्रोत्याविषयी असावे. कुष्ठरोगावर सभा असेल तर लिहावे : 'ज्याच्या अंगावर फिकट अथवा लालसर चट्टा असून तेथे टोचलेले समजत नाही, त्याने किंवा त्याच्या घरच्याने अवश्य यावे; बाजूच्या खोलीत डॉक्टर एकान्तात तपासतील.' आपल्या देशात २००५ च्या अखेरीस ह्या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांस एकाच्या खाली आले खरे, तरी दरवर्षी नवे रोगी सापडतातच. सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळते, सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतल्यास रोग बरा होतो, आणि औषध सुरू होताच संसर्गाची भीती थोड्याच अवधीत नाहीशी होते. एवढे तरी पत्रकावर असते तर आमच्या शेजाऱ्याने ते वाचले असते. विषय अनाथ मुलांचा असो, दारूचा असो वा आदिवासींच्या आरोग्याचा असो, 'कोणी यावे आणि कशासाठी' हे सांगितल्यावाचून पत्रक पुरे झाले असे समजू नये.

कोणास कळवावे

भ्रमणध्वनीवर गटसंदेश धाडला की गावास कळले, अशी आज समजूत आहे. तो संदेश ज्यांस आधीच माहीत आहे त्यांसच बहुधा पोचतो. म्हातारीकोतारी, शेतावर राहणारे, कातकरी वाडीवरचे, वीटभट्टीवर उतरलेले कुटुंब ह्यांस तो पोचत नाही. म्हणून जुनी रीत सोडू नये. तोंडाने सांगावे, घरोघर जावे, आणि बायकांस बायकांनी बोलवावे. आमचा अनुभव असा की, बचत गटातल्या एका बाईने दहा घरी सांगितले तर त्यांतल्या सहा घरची माणसे येतात. फलक शंभर जण पाहतात आणि विसरतात. शिवाय परवानगीवाचून फलक लावणे हा १९९५ च्या विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे वेगळेच.

आपला तालुका नुसता शेतकऱ्यांचा राहिलेला नाही. यंत्रमागावर काम करणारे उत्तरेकडील व तेलंगणातील मजूर, गोदामांतले हमाल, मुसलमान विणकर हे आपले शेजारी आहेत. त्यांच्यापर्यंत हिंदीत, उर्दूत व तेलुगूत चार ओळी गेल्या पाहिजेत. एकत्र बसण्याचे मोल भिवंडीइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? १९७० आणि १९८४ च्या मे महिन्यांतील दंगलींच्या आठवणी जुन्या माणसांच्या मनांतून गेलेल्या नाहीत. पुढे १९८८ पासून पोलीस अधिकारी श्री. सुरेश खोपडे ह्यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या बसविल्या आणि दोन्ही समाजांच्या साध्या माणसांस एका बैठकीत आणून आपापसांतील तंटे बोलून मिटविण्याची सवय लाविली. १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. ती शांतता कोणाच्या मोठ्या भाषणाने आली नाही. कोण कोणाशेजारी बसले होते, त्याने आली.

सभेचा क्रम

हार एकच असावा, किंवा मुळीच नसावा. प्रास्ताविक पाच मिनिटांचे, आभार दोन मिनिटांचे. पाहुण्यास पाऊण तास द्यावा आणि त्याहून मोलाचा असा अर्धा तास प्रश्नांस राखून ठेवावा. सभेतला एक प्रश्न काय करू शकतो, ह्याचे उदाहरण पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांच्या चरित्रात आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी तेथल्या हरिजनांनी त्यांच्यापुढे ऐंशी एकर जमिनीची गरज मांडली. विनोबांनी सरकारकडे अर्ज करण्याची वाट न पाहता तेथेच गावास विचारले की, तुमच्यांतून कोणी देऊ शकेल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले व त्यांनी शंभर एकर देऊ केले. भूदानाचा जन्म असा एका प्रश्नातून झाला. त्या चळवळीतली पुढली सारी जमीन कसणाऱ्याच्या हाती गेली नाही, हेही खरे. परंतु त्याचे कारण सभेनंतरच्या कामात शोधावे लागते, प्रश्नात नव्हे.

प्रश्न आधी गोळा करण्यास हरकत नाही. बायका व मुले भरसभेत बोलत नाहीत. त्यांचे प्रश्न आठवडाभर आधी शाळेतल्या पेटीत चिठ्ठीने घ्यावेत. चिठ्ठीवर नाव असू नये.

वर्गणी

पाहुण्याच्या संस्थेस मदत करावयाची तर ते पत्रकात उघड लिहावे. श्रोत्यांस मांडवात बसवून मग झोळी फिरविणे शोभत नाही. उघडपणे मागण्यात कमीपणा मात्र काही नाही. सिंधुताई सपकाळ ह्यांनी शेकडो अनाथ मुलांस आईची माया दिली. त्यांच्या अन्नासाठी त्या गावोगाव भाषणे करीत व सभेपुढे पदर पसरीत. ४ जानेवारी २०२२ रोजी त्या वारल्या, तोवर हाच त्यांचा क्रम होता. त्यांस शाल व स्मृतिचिन्ह देऊन परत पाठविणाऱ्या गावापेक्षा दोन पोती तांदूळ देणारे गाव त्यांस अधिक उपयोगी पडले असेल, ह्यात शंका नाही. आपल्याकडे पैसा वेळेवर नसला तरी भात असते. घरटी दोन पायल्या तांदूळ निघाले तर एका आश्रमाची चूल कित्येक दिवस पेटेल. काय जमले व कोणास दिले हे दुसऱ्या दिवशी देवळाच्या भिंतीवर लिहून लावावे. गाडगेबाबांच्या हाती लोकांनी लाखो रुपये दिले. त्यांतून ऋणमोचनास घाट झाला, नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि बाबांचे खापर होते तेच राहिले. म्हणूनच लोक देत गेले.

दुसरी सकाळ

पाहुणा गेल्यावर मांडवातले कागद उचलावयास सकाळी किती माणसे येतात, ह्यावरून सभेची परीक्षा आम्ही करतो. त्या सकाळी चालकांनी तासभर बसून एका वहीत तीन रकाने भरावेत : पाहुण्यांनी सांगितलेले कोणते काम आपण घेतले, ते कोणी अंगावर घेतले, आणि केव्हापर्यंत. एकाहून अधिक काम घेऊ नये. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन चट्टे पाहण्यास आरोग्यसेविकेबरोबर दोघांनी फिरणे, हे एक काम होऊ शकते. पुढल्या वर्षी लग्नात हळदीचा खर्च इतक्याच्या वर न करण्याचे पंचवीस घरांनी ठरविणे, हेही होऊ शकते. गोदामांना व रस्त्यांना जमिनी देऊन आलेला पैसा गाड्या, मांडव आणि बॅंडबाजा ह्यांत कसा विरतो, हे आपण रोज पाहतो. ज्या गोष्टीने दापुऱ्याची शेती गेली, तीच आज वेगळा पोशाख करून आपल्या दारी उभी आहे. एवढाच फरक की, तेव्हा कर्ज काढून खर्च होई, आता जमीन काढून होतो.

शहाड येथे उल्हास नदीचे उचललेले पाणी टेमघरास शुद्ध होऊन भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर येथपर्यंत जाते, हे आपण सर्व जाणतो. नदीला पूर किती आला ह्याचे घरातल्या बाईस काही नसते. हंड्यात पाणी किती पडले ते ती पाहते. सभेचेही तसेच मोजमाप ठेवावे. मांडवात किती हजार माणसे होती हे सांगण्यापेक्षा, कोणाच्या घरी काय पोचले हे सांगता आले पाहिजे.

येत्या पौष-माघात टेमघर परिसरात जी मंडळी असा पाहुणा आणतील त्यांनी आपले पत्रक छापण्यापूर्वी एकदा असे करावे. ते हाती घेऊन गावातल्या सर्वांत गप्प राहणाऱ्या, सर्वांत मागे बसणाऱ्या माणसास वाचून दाखवावे, आणि ह्यात तुझ्यासाठी काही आहे काय, असे त्यास विचारावे. तो 'नाही' म्हणाला, तर पत्रक पुन्हा लिहावे. सभेनंतर वहीतले तीन रकाने भरून आमच्याकडे पाठविल्यास ते ह्या मासिकात छापू. पाहुण्याच्या छायाचित्रास कदाचित जागा उरणार नाही, त्याबद्दल आगाऊ क्षमा मागतो.